शिळा वाद, ताजी सोय

वाङ्मयीन वादात उशिरा येणाऱ्याला गप्प करण्यासाठी आपल्याकडे एक ठेवणीतले वाक्य आहे: ‘तो विषय केव्हाच संपला.’ एखाद्या तरुण प्राध्यापकाने जुन्या वादाला आज उत्तर द्यायचे म्हटले, की चर्चासत्राचे अध्यक्ष मंद हसतात आणि पुढच्या वक्त्याला पाचारण करतात. विषय संपवला कोणी आणि कोणत्या उत्तराने, हे विचारण्याची पद्धत नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील, नवजात अर्भकाच्या हत्येच्या १८८१च्या खटल्याचे. अपिलात फाशी टळली. वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ओढले जाणारे ताशेरे मात्र थांबले नाहीत. ताराबाईंनी त्या ताशेऱ्यांना उत्तर दिले. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. या सवालाला सरळ उत्तर देण्यापेक्षा टवाळी सोपी होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. म्हणजे तेही तीन वर्षांनी, ‘उशिराच’ आले! पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले ते थेट १९७५पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा वाचकांपुढे ठेवले. मधल्या ९३ वर्षांत विषय संपला होता, की नुसता दडपला गेला होता?

गौरवानेही वाद बंद करता येतो, हे आम्हां अध्यापकांना चांगलेच ठाऊक असावे. ताराबाईंना ‘आद्य स्त्रीवादी’ म्हणायचे, एक टीप लिहून द्यायची आणि पुढच्या घटकाकडे वळायचे. त्यांनी आपल्या काळातील नाटक-कादंबऱ्यांमधील स्त्रीचित्रणावर कठोर टीका केली होती, ही गोष्ट त्या टिपेत क्वचितच येते. वस्तुतः ती सरळसरळ वाङ्मयसमीक्षा आहे. तरीही आरंभीची मराठी समीक्षा शिकवताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ला जो मान मिळतो, त्याच्या पंगतीला ताराबाईंचे पान मांडले जात नाही. (पंगतीचा शब्द मुद्दाम वापरला आहे.)

उशिरा येणाऱ्यांतही आळशी लोक असतात, हे मान्य. मागचे काहीएक न वाचता जुन्या भांडणात उडी घेणाऱ्याला अडवावेच. ताराबाई कशाला उत्तर देत होत्या, फुल्यांनी काय म्हटले, मालशे यांनी पुस्तक पुन्हा का काढले, एवढे त्याला विचारावे. ते त्याला सांगता आले, तर ‘तुम्ही १८८२ सालीच का नाही आलात?’ हा प्रश्न अध्यक्षमहाराजांनी कृपा करून आपल्यापाशीच ठेवावा. आणि ताराबाईंच्या सवालाला स्वतःपाशी काही उत्तर असल्यास, तेवढे मात्र जरूर द्यावे.