प्रशिक्षक बदलले, निकाल का बदलत नाहीत?

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगतेने १४व्या मिनिटाला गोल केला, तरी भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला. २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. असा पराभव झाला की चाहत्यांचा राग आधी प्रशिक्षकावर निघतो. जून २०२४मध्ये स्टिमॅच गेले. मार्केझ यांनी ८ सामन्यांत एकच विजय मिळवला, तेही जुलै २०२५मध्ये गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. प्रशिक्षकांचे चुकलेच. पण भारतीय संघासोबत एफसी गोवाही सांभाळण्याची मुभा मार्केझ यांना दिली महासंघानेच! आणि एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी आयएसएल तेव्हा कराराच्या वादात अडकली होती. लीगच बंद होती, तर सामन्याचा सराव होणार होता कुठे?