संथ लयीचे ऋण

शिकागोच्या 'ट्रबल' या बँडचा १९८४चा पहिला अल्बम, जो पुढे 'साम ९' या नावाने ओळखला गेला, तो डूम मेटल या संथ, जड संगीतप्रकारातील आरंभीच्या कृतींपैकी एक. तरीही 'ब्लॅक सॅबथ'चे अनुकरण म्हणून त्याची बोळवण होते. आम्हांस हे मान्य नाही.

रेंगाळणारी लय सॅबथची, हे उघडच आहे. ब्रूस फ्रँकलिन व रिक वॉर्टेल यांच्या जोडगिटारींवर 'जुडास प्रीस्ट'ची छायाही आहे. परंतु ज्ञानदेवांची ओवी एकनाथांनी घेतली म्हणून एकनाथी भागवताला आपण उसने म्हणतो काय? साच्यात ओतले काय, हे पाहावयाचे. याच मेटल ब्लेड कंपनीने १९८३ साली 'स्लेयर'चा सैतानी थाटाचा, सुसाट अल्बम काढला होता. ट्रबलने मात्र बायबलातील स्तोत्रसंहितेकडे धाव घेतली. त्यातले नववे स्तोत्र पीडितांचा कैवार घेणाऱ्या देवाचे. एरिक वॅग्नरच्या कातर, चिरक्या स्वरातले भय शोभेचे नाही, पापभीरू माणसाचे आहे. (कंपनीने त्यावर 'व्हाइट मेटल' असा शिक्का मारला. शिक्के मारण्यात आम्ही प्राध्यापकही मागे नसतो!)

शिरूर अनंतपाळच्या परिसरात भजनाच्या संथ चाली ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यांना ही लय परकी वाटू नये. त्यांनी 'व्हिक्टिम ऑफ द इन्सेन'पासून सुरुवात करावी.