नव्या भावंडांचा हात कोण धरणार?

हिंदमातेच्या चौकांत ज्यानें पावसाळा काढला आहे, त्यास पुढील गोष्ट समजावून सांगावयास नको. परळ, दादर व लालबाग यांच्या मधला हा भाग बशीसारखा खोलगट; मोठी सर आली व त्याच वेळीं समुद्रास भरती असली म्हणजे चौकांत गुडघाभर पाणी उभें राही. महापालिकेनें अलीकडे जमिनीखालीं मोठ्या टाक्या बांधून उपाय केला आहे. तरी ज्यांनीं ते दिवस पाहिले त्यांच्या स्मरणांतून ते जाणार नाहींत. अशा वेळीं आमच्या शाळेचीं मुलें घरीं कशीं जात? पदपथ कोठें संपतो, गटाराचें झाकण कोठें उघडें आहे, हें पाण्याखालीं दिसत नसे. मग चाळींतला कोणी वडील मनुष्य पुढें होई, हातांतल्या छत्रीनें तळ चांचपीत चाले, आणि त्याच्या मागें एकमेकांचे हात धरून मुलांची रांग. उघड्या भोंकांत कोणी तरी झाडाची फांदी खोंचून ठेवी, म्हणजे मागून येणाऱ्या अनोळखी मनुष्यासही सावध होतां येई. तो वडील मनुष्य कांहीं विद्वान् नव्हता. त्यास वाट ठाऊक होती, आणि ती ठाऊक असतांना एकट्यानें निघून जाणें त्यास प्रशस्त वाटत नव्हतें.

या वार्षिकांकाच्या वाचकांपुढें आज आम्ही जो विचार मांडणार आहों, तो याच जातीचा आहे. ख्रिस्ती मंडळींत जे पुष्कळ वर्षें वाढले, ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांपासून पवित्र शास्त्र वाचलें जातें, त्यांनीं मंडळींत नव्यानें आलेल्या बंधुभगिनींस विश्वासाच्या गोष्टी समजावून देण्याचें काम आपलें मानलें पाहिजे. तें सर्वस्वी पाळकसाहेबांवर सोंपवून स्वस्थ बसूं नये, असें आमचें मत आहे. येथें एक खुलासा करणें इष्ट होईल. कोणास त्याचा धर्म सोडावयास लावण्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. आमच्या वर्गांत सर्व धर्मांचीं मुलें एका बांकावर बसून शिकलीं, व तो शेजार आम्हांस मोलाचा वाटतो. जे आपल्या विचारानें आधींच मंडळींत आले आहेत, किंवा ख्रिस्ती घरांत जन्मूनही ज्यांस विश्वासाचा अर्थ कोणीं उलगडून सांगितला नाहीं, त्यांच्याविषयीं हा लेख आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच मंडळींत एक तरुण येऊं लागला. कापडाच्या एका दुकानांत तो कामास होता. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं सर्वांनीं त्याचें अभिनंदन केलें, फोटो काढिले, चहा झाला. पुढील रविवारीं तो शेवटच्या बांकावर बसला. गीत सुरू झालें कीं त्यास पुस्तकांतला क्रमांक सांपडेना. वचन वाचावयाची वेळ आली कीं रोमकरांस पत्र आधीं येतें कीं गलतीकरांस, हें त्यास कळेना. त्याच्या शेजारीं आम्हीच बसलों होतों. आमचें पुस्तक उघडें होतें. पण तें त्याच्याकडे सरकवावें हें आम्हांस सुचलें नाहीं. उपासना संपली म्हणजे जुनीं कुटुंबें अंगणांत घोळका करून लग्नकार्यांच्या गोष्टी बोलत, आणि कोणी त्याच्याशीं बोललेंच तर ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नापलीकडे बोलणें जात नसे. सहा-सात महिन्यांनीं तो येईनासा झाला. पुढें एकदां हिंदमातेपाशीं बसच्या थांब्यावर त्याची गांठ पडली. आम्हीं विचारलें, तेव्हां तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “दादा, तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं. मलाच काय ते माहीत नव्हतं; आणि विचारायचं कुणाला?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो तरुण आळशी नव्हता, अश्रद्धही नव्हता. दोष आमचा होता. ज्या दुकानांत तो काम करी, तेथें असें घडत नाहीं. नवा पोऱ्या आला म्हणजे जुना गुमास्ता त्यास प्रथम ताके उलगडावयास व पुन्हां घडी घालावयास लावतो. सूत बोटांनीं कसें पारखावें, कापड कसें मापावें, गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें, हें महिनोन्‌महिने शेजारीं उभा राहून शिकवितो. दोन वार कापड विकावयास जी काळजी आम्ही घेतों, तेवढीही मनुष्याच्या विश्वासाविषयीं घेऊं नये, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

प्रारंभींच्या मंडळीची रीत निराळी होती. शौल नवा विश्वासी झाला तेव्हां यरुशलेमांतील शिष्य त्यास भ्याले. कालचा छळणारा आज भाऊ कसा होईल, ही शंका स्वाभाविकच होती. बर्णबानें त्यास हाताशीं धरून प्रेषितांकडे नेलें, आणि पुढें तार्सास जाऊन त्यास शोधून अंत्युखियास आणिलें, व दोघांनीं मिळून वर्षभर तेथील मंडळीस शिकविलें. बर्णबानें ही तसदी घेतली नसती तर पौलाचें पुढें काय झालें असतें, याचा वाचकांनीं विचार करावा. अपुल्लोस तर मोठा वक्ता व शास्त्रांत निपुण; पण त्याचें ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशीं थांबलें होतें. इफिसांत अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्यानें त्याचें भाषण ऐकलें. त्यांनीं भरसभेंत उठून त्याची चूक काढिली नाहीं. त्यास आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. हीं दोघें कोण होतीं? क्लौद्य बादशहाच्या हुकुमामुळें इटली सोडून आलेलीं, तंबू करून पोट भरणारीं माणसें! गिरणगांवच्या लोकांस हें चित्र परकें वाटूं नये. नगर, जालना, सोलापूर या बाजूंनीं पोटासाठीं मुंबईस आलेल्या, दिवसभर कष्ट करून चाळीच्या एका खोलींत संसार करणाऱ्या किती आजीबाईंनीं शेजारच्या पोरांस प्रभूची प्रार्थना पाठ करविली असेल! त्यांचीं नांवें कोणत्याही अहवालांत नाहींत.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतही याचीं उदाहरणें आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. संस्कृतांत पारंगत असलेल्या त्या विदुषीस शिकविणें सोपें नव्हतें. त्यांचे एक शिक्षक दूर हिंदुस्थानांत होते. काशीस वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ सालीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले होते. स्वतः शंकांशीं झगडत त्याच वाटेनें आले असल्यामुळें त्यांनीं रमाबाईंच्या शंका क्षुल्लक मानिल्या नाहींत. लेखाद्वारें त्यांस सविस्तर उत्तरें दिलीं. दुसऱ्या शिक्षिका वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांस प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्रैक्य, मंडळीचा अधिकार यांसारख्या विषयांवर त्यांच्याशीं वादही कडाक्याचा करीत. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. तो वाचणाऱ्यास दिसतें कीं दोन्ही बाजूंस मनस्ताप पुष्कळ झाला, तरी नातें तुटलें नाहीं. मनाचें पूर्ण समाधान होण्यास आपणांस बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें लागलीं, असें रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. एवढ्या विदुषीस, एवढे शिक्षक असतांना, आठ वर्षें! मग दिवसाचे दहा तास दुकानांत उभ्या राहणाऱ्या तरुणानें सहा महिन्यांत सर्व कांहीं आपलें आपण समजून घ्यावें, ही आमची अपेक्षा किती अन्यायाची होती!

आणि रमाबाईंस शिकविण्याचें फळ काय आलें, तेंही पाहावें. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं आपल्या गिरगांवच्या चौपाटीवर शारदासदन उघडलें. पुढें केडगांवीं दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुलींच्या त्या आई झाल्या. आणि सामान्य स्त्रियांसही पवित्र शास्त्र समजावें म्हणून त्याचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत त्यांनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें वेंचलीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंतच झाला. लक्ष्मीबाईंस तो घाव मोठा होता. कांहीं वर्षें पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिलीं. पुन्हां एकत्र आल्यावर टिळकांनीं पत्नीवर धर्माची बळजबरी केली नाहीं. लक्ष्मीबाईंनीं घरांतलें बोलणें-चालणें पाहिलें, मनाशीं विचार केला आणि १९०० सालीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं मंडळीस जीं भजनें दिलीं, तीं अभंगाच्या वळणावर; उपदेशास कीर्तनाची जोड दिली, तीही आपल्या मातींतली. शिकणाऱ्याच्या कानास जें ओळखीचें, त्यांतूनच त्यांनीं शिकविलें. १९१९ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. जी एकेकाळीं दाराबाहेर उभी होती, तीच पुढें घरच्यांस शिकवूं लागली. आज आम्ही ज्याचा हात धरूं, तो उद्यां कोणाकोणाचा धरील हें आम्हांस आज दिसत नाहीं.

आतां आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. कित्येक म्हणतील, “आम्हांसच कितीसें येतें?” हा विनय खरा असेल तर चांगला आहे, परंतु पुष्कळदां तो आळसाचा बुरखा असतो. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ सालीं झाला आणि त्यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. सर्व कांहीं समजेपर्यंत थांबतों असें ते म्हणते, तर मराठी वाचकांस त्या पुस्तकास मुकावें लागतें. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानेंही आपल्या वाचकांस याच कारणावरून कान उघडणी केली आहे कीं, एव्हांना तुम्हीं शिक्षक व्हावयाचें, तर अजून तुम्हांसच मुळाक्षरें शिकवावीं लागतात. शिवाय शिकवितांना शिकविणाराच अधिक शिकतो. “प्रभु आजाऱ्यांस बरें करीत असे, मग माझी आई प्रार्थना करूनही कां गेली?” असें नव्या मनुष्यानें डोळ्यांत पाणी आणून विचारलें म्हणजे लहानपणीं पाठ केलेलीं उत्तरें पुरत नाहींत. मग गुडघे टेंकावे लागतात, व पुस्तक पुन्हां उघडावें लागतें.

दुसरे म्हणतील, “हें पाळकांचें काम आहे, त्याकरितां त्यांस वेतन मिळतें.” पाळक एक, घरें दोनशें. लग्नें, अंत्यविधि, आजाऱ्यांच्या भेटी, सभांचे हिशेब, इतकें करून तो प्रत्येक नव्या मनुष्याजवळ दर आठवड्यास तासभर कसा बसणार? वारकऱ्यांकडे पाहावें. नव्यानें माळ घातलेला मनुष्य दिंडींत चालूं लागतो तेव्हां अभंग कोणता, चाल कोणती, टाळ केव्हां वाजवावा, हें त्यास शेजारचा जुना वारकरीच चालतां चालतां दाखवितो. त्याचा त्यास मोबदला मिळत नाहीं, व तो कधीं मागतही नाहीं.

एका धोक्याची मात्र सूचना दिली पाहिजे. शिकविणाऱ्यास आपण मोठे आहों असें वाटूं लागलें कीं सर्व बिघडलें. नव्या मनुष्याची जात विचारणें, त्याच्या जुन्या घरास नांवें ठेवणें, त्याच्या आईबापांचा अपमान करणें, त्यास सभेंत मिरवून आपली प्रौढी सांगणें, हीं शिक्षकाचीं लक्षणें नव्हेत. त्याच्या शंकेस ‘अविश्वास’ असें नांव देणें हेंही नव्हे. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग ज्यास आठवतो, तो शिकवितांना खालींच बसेल.

तर मग करावयाचें काय? आमची सूचना अगदीं साधी आहे. मार्काचें शुभवर्तमान सर्वांत लहान. त्याचे अध्याय १६. जूनमध्यें शाळा उघडते तेव्हांपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत साधारण तितकेच रविवार येतात. प्रत्येक जुन्या कुटुंबानें एका नव्या भावास किंवा बहिणीस घरीं बोलवावें, दर रविवारीं एक अध्याय मिळून वाचावा, जें समजलें नाहीं तें वहींत टिपून पाळकांस विचारावें, आणि मग जें घरांत शिजलें असेल तें एकत्र जेवावें. नवव्या-दहाव्या इयत्तेंतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांनींही, पाळक व पालक यांच्या संमतीनें, रविवारच्या शाळेंत धाकट्यांपैकीं दोघां-तिघांस गीताचें पुस्तक उघडून क्रमांक शोधावयास शिकवावें. हें काम लहान दिसतें. पण तेवढेंही कोणीं न केल्यामुळें एक मनुष्य आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

त्या तरुणास आम्हीं पुन्हां घरीं बोलाविलें. पहिल्या दोन वेळां तो आला नाहीं. तिसऱ्या वेळीं आला. आम्हीं प्रथम त्याची क्षमा मागितली, आणि मग मार्काचा पहिला अध्याय काढिला. तो मंडळींत परत येईल किंवा न येईल, तें प्रभूच्या हातीं आहे. सध्यां आमचा सहावा अध्याय चालूं आहे, आणि गेल्या रविवारीं त्यानें विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर आम्ही अजून शोधीत आहों. वाचकांपैकीं ज्यांच्या शेजारच्या बांकावर कोणी एकटा बसत असेल, त्यांनीं येत्या रविवारीं आपलें पुस्तक त्याच्याकडे थोडें सरकवावें, एवढीच आमची विनंती आहे.