आधी टाचण, मग कॅमेरा

माझी एक माजी विद्यार्थिनी पत्रकारिता शिकते आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मला लाइव्ह बातम्या द्यायच्यात. आवाज कसा सुधारू?" मी म्हटलं, "बेटा, आवाजाचं नंतर बघू. आधी टाचण काढायला शिक."

बी.एड.ला आम्ही एका तासिकेसाठी पानभर पाठ टाचण लिहायचो. त्यात कठीण शब्द असायचे आणि मुलं विचारतील ते प्रश्नही. वर्गात चुकलो तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती करता येते. लाइव्हमध्ये तोंडातून गेलेला शब्द क्लिप होऊन गावोगाव फिरतो, दुरुस्ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. 13 मे 2023 च्या रात्री त्र्यंबकेश्वरला उरुसाची संदल मिरवणूक मंदिराच्या दाराशी आली आणि सुरक्षारक्षकांनी ती अडवली. तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला, सरकारने एसआयटी नेमली. मिरवणूकवाल्यांचं म्हणणं होतं की आत जायचंच नव्हतं, पायरीवरून धूप दाखवण्याची जुनी प्रथा आहे. ते खरं की खोटं हे तपासाने ठरवायचं होतं. पण टीव्हीवर "घुसण्याचा प्रयत्न" आणि "चादर" हे शब्द आधीच ठरून गेले होते. संदल वेगळं, चादर वेगळी, धूप वेगळा. त्र्यंबकमधल्या दोन्ही समाजांच्या एकेका माणसाला फोन केला असता तर निवेदकाला हा फरक दहा मिनिटांत कळला असता.

2020 मध्ये तबलीगींच्या बाबतीतही हेच झालं. 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. तोवर भाजीवाल्यांना नाव विचारून परत पाठवण्याचे प्रकार घडून गेले होते.

म्हणून निवेदकाच्या टाचणात चार गोष्टी हव्यात: हे कोण म्हणतंय, दुसरी बाजू काय आहे, अनोळखी शब्दाचा अर्थ काय, आणि आपल्याला अजून काय माहीत नाही. "याची खात्री व्हायची आहे" हे वाक्य लाइव्हमध्ये म्हणायला लाज वाटू नये.

पण दोष फक्त स्टुडिओचा नाही. चॅनेलचा फोन आला की आपल्यातलेही कितीतरी जण विषय न वाचता चर्चेला बसतात, चिडतात, आणि तीच क्लिप आपल्याविरुद्ध फिरते. बातमीची शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आपल्यालाच आहे. आपण व्हॉट्सॲपवर ती किती पाळतो?

विद्यार्थिनीला गृहपाठ दिलाय. संदल, चादर, धूप हे तीन शब्द तीन माणसांना विचारून समजून घ्यायचे. त्यांतला एक तरी त्र्यंबकचा हिंदू असावा, अशी अट घातली आहे.