आधी यंत्रांची परीक्षा

आज विषय थोडा वेगळा आहे, पण माझं मत अगदी साधं आहे. ज्या पाण्यात आपण जीव सोडणार, त्याच्याभोवतीची सगळी यंत्रं आधी मुद्दाम बंद पाडून बघावीत. ती बंद पडली, अडकली, वेड्यासारखी वागली तर काय होतं हे कळल्याशिवाय त्या पाण्यात साधी गोगलगायसुद्धा सोडू नये. त्यासाठी दोन महिने नुसतं पाणी बघत बसावं लागलं तरी बेहत्तर.

सत्तरी उलटलेली, मराठी-इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई मत्स्यालयाच्या यंत्रांवर काय बोलणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण यंदा लेकीकडे न्यू जर्सीला पाच महिने होते, आणि जावयांनी घरात समुद्र आणायचं ठरवलं होतं. साधे गोडे मासे नाहीत हं, खारं पाणी आणि त्यात जिवंत प्रवाळ. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन ६८० किलो, वर काच, दगड, लोखंडी स्टँड. सगळं मिळून टनाच्या आसपास. म्हणून ती लाकडी मजल्यावर न ठेवता बेसमेंटमध्ये काँक्रीटच्या जमिनीवर ठेवली.

आणि मग काय? मग काहीच नाही! टाकीत नळाचं पाणी भरलं आणि जावई रोज तिथे वही घेऊन बसू लागले. नात विचारायची, "आजी, मासे कधी येणार?" पुण्याहून आमच्या दीरांचा फोन, "काय वहिनी, समुद्र भरला का?" भेटायला आलेली मंडळी रिकाम्या टाकीकडे बघून चहा पिऊन जायची. सगळ्यांना वाटत होतं की हे जरा अतीच चाललंय. मला मात्र एकेक चाचणी बघताना पटत गेलं की हेच खरं काम आहे, मासे हा त्यातला सोपा भाग.

आता वीज गेल्याचीच चाचणी घ्या. मोठ्या टाकीच्या खाली एक लहान टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी कडेच्या खाचेतून खाली येतं, तिथे गाळलं जातं, तापवलं जातं आणि पंपाने पुन्हा वर जातं. वीज गेली की पंप थांबतो. पण पाणी थांबतंच असं नाही! वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडालेलं असेल, तर तीच नळी उलटी चालू लागते. डब्यातून रॉकेल काढताना नळीने ओढायचो ना, अगदी तसं. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. सहा बाय दोन फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, २८ लिटर. नळीचं तोंड चार इंच बुडालेलं होतं, म्हणजे ११२ लिटर खाली येणार. आणि सम्पमध्ये रिकामी जागा होती साठ लिटरची. जावयांनी पंपाचं बटण बंद केलं आणि थोड्या वेळात पन्नास लिटर पाणी जमिनीवर. आम्ही सगळ्यांनी मिळून पुसलं. साधं पाणीच ते! हेच खारं पाणी असतं, त्यात मासे असते आणि रात्रीचे दोन वाजलेले असते तर?

नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडलं की पातळी खाली येताच त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. पण त्या भोकात शेवाळ साचतं, एखादी गोगलगाय जाऊन बसते. म्हणून भोक तर पाडलंच, शिवाय नळीचं तोंडही वर उचललं. मग पंप दहादा बंद करून दहादा चालू केला. दहाही वेळा पाणी सम्पच्या काठाच्या आत राहिलं, तेव्हा वहीत त्या चाचणीपुढे बरोबरची खूण झाली.

हीटरचंही तसंच. प्रवाळाला साधारण २५-२६ अंश सेल्सियस लागतं आणि न्यू जर्सीतल्या हिवाळ्यात बेसमेंट चांगलंच गारठतं. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू निवतं, ते निदान लक्षात येतं. खरी भीती तो चालूच राहण्याची. दोन्ही टाक्यांचं मिळून ८०० लिटर पाणी धरा. ६०० वॅटचा हीटर अडकून चालूच राहिला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर दर दीड तासाला एक अंश चढतो. रात्री झोपलात आणि सकाळी उठलात की सहा अंश! म्हणून एकाच्या जागी ३०० वॅटचे दोन हीटर. एक अडकला तरी निम्मीच चढण, आणि एक मेला तरी दुसरा थोडीफार ऊब राखतो. शिवाय बाहेरच्या कंट्रोलरला वीज तोडायचं वेगळं काम दिलेलं. हे सगळं आठ दिवस चालवून, दुसरा थर्मामीटर लावून ताडून बघितलं.

बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरून काढणारा एक छोटा पंप असतो. पातळी खाली गेली की तरंगता खटका त्याला चालू करतो. जावयांनी तो खटका हाताने खाली धरून ठेवला. पंप बिचारा भरतच राहिला! पण त्याला दिलेला पिंपच २० लिटरचा होता. सगळा रिकामा झाला तरी ८०० लिटरचा खारटपणा किलोमागे ३५ ग्रॅमवरून ३४ च्या जरा वर येतो. जीव वाचतो. मोठा पिंप ठेवला असता तर रोज भरायची कटकट वाचली असती, पण एका अडकलेल्या खटक्याने समुद्र आळणी करून टाकला असता. ही गोष्ट मला फार आवडली. यंत्र बिघडणारच असं धरून चाला आणि बिघडल्यावर ते किती नुकसान करू शकेल याची हद्द आधीच आखून द्या. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

विजेचं तर बोलायलाच नको. पाण्यात हात घालायचा आणि शेजारी दहा प्लग! प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर घेतलेली, म्हणजे ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर, त्याचंही चाचणीचं बटण दाबून पाहिलेलं. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सीत कितीतरी घरांची वीज कित्येक दिवस गेली होती. म्हणून पाणी हलतं ठेवणारा एक पंप बॅटरीवरही चालवून बघितला. पाणी हललं नाही तर आधी प्राणवायू संपतो, बाकीचं नंतर.

मग कुठे मीठ आलं. तेही नळाच्या पाण्यात नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, तांब्याचा अंश हे या जिवांना विष. त्यामुळे चाचण्यांचं पाणी काढून टाकलं आणि गाळून शुद्ध केलेलं पाणी भरलं. फेस काढणाऱ्या यंत्राची, प्रोटीन स्किमरची, परीक्षा इथून पुढे. ते गोड्या पाण्यात नीट फेसच काढत नाही. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, तसं ते पाण्यातली घाण फेसाबरोबर वर आणून काढतं. आणि सगळं जुळल्यावर एक दिवस घराला कुलूप लावून आम्ही चार दिवस लेकीच्या नणंदेकडे जाऊन राहिलो. मला विचाराल तर ही सगळ्यात मोठी चाचणी. माणूस शेजारी बसलेलं असताना कुठलंही यंत्र शहाण्यासारखंच वागतं!

आता मुख्य मुद्दा. या छंदात एक जुनी रीत होती. नवीन टाकीत एखादा चिवट, स्वस्त मासा सोडायचा. तो जगला तर टाकी तयार झाली समजायचं. कारण असं की माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. ते जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर तो मासा त्या विषात पोहत राहणार. खरं तर हे काम बाटलीतल्या अमोनियाचे थेंब घालून, रोज पाणी तपासूनही होतं. त्याला कुणाचा जीव लागत नाही, फक्त धीर लागतो. मग आपल्या घाईपायी माशाला परीक्षानळी का करायचं? जावयांनी बाटली वापरली याचं मला सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

शाळेत बोर्डाआधीच्या प्रिलिमचा पेपर आम्ही मुद्दाम अवघड काढायचो. पालक चिडायचे. पण मूल पडायचंच असेल तर ते तिथे पडावं, जिथून उठायला वेळ आहे. यंत्रांचंही तेच.

कुणी म्हणेल, एवढा पसारा हवाच कशाला? १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांवर प्रवाळ जगवल्याचं लिहिलं होतंच की. खरंय. पण त्यांच्या हाताशी उबदार समुद्र होता, ताजं पाणी होतं. न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये यातलं काहीच नाही. जे निसर्ग फुकट करतो ते तिथे प्लग लावून करावं लागतं, आणि प्लग निघू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मुळात प्रवाळ घरात ठेवावेच का? २०२३ पासून जगभरात प्रवाळ पांढरे पडण्याची जी लाट आली, तिच्या तडाख्यात जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला पुरेल इतका उष्णतेचा ताण पोचल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला की प्रवाळ पांढरे पडू लागतात. समुद्रात ही दशा असताना शोभेसाठी तिथून तोडून आणणं मला मान्य नाही. जावयांनी दुसऱ्या हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेले तुकडे घ्यायचे ठरवले आहेत, मासेही टाकीतच पैदास झालेले. तेवढ्यावर मी राजी झाले. पण मग त्या एका अंशाची जबाबदारीही आपलीच. समुद्राचं तापमान माझ्या हातात नाही, हीटरचं आहे.

आणि हो, हे वाचून ज्या भाचे-पुतण्यांच्या मनात पुण्या-मुंबईत असं काही करायचं येईल, त्यांच्यासाठी. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, ते तिथेच बघायचे, तेही लांबून. हात लावायचा नाही, तुकडा आणायचा नाही.

बाकी छंद कोणताही करा. पण ज्याला दोन महिने रिकामं पाणी बघत बसण्याचा धीर नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. कुंडीत तुळस लावावी. पाणी तीही मागते, पण एखादा दिवस चुकला तर निदान समजून घेते.