मुलग्यांना धास्ती, मुलींना विटाळ

१/ लैंगिक आरोग्याचा विषय काढला, की विद्यार्थी आणि विद्यार्थिनी जणू दोन निरनिराळ्या शास्त्रांविषयी बोलू लागतात. मुलग्यांच्या बोलण्यात ताकद आणि कमजोरी. मुलींच्या बोलण्यात पाळी, डाग, लाज. हा भेद निसर्गदत्त आहे, अशी आपली सोयीची समजूत. इतिहास वेगळे सांगतो.

२/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकणाऱ्या मुलग्याच्या हाती ब्रह्मचर्याचा महिमा गाणारी पुस्तके पडत. वीर्यनाश म्हणजे आयुष्याचा नाश, ही धास्ती त्याच्या मनात पेरली जाई. त्याच घरात त्याची बहीण महिन्याकाठी बाजूला बसे आणि 'कावळा शिवला' यापलीकडे तिला कोणी काही सांगत नसे. एकाला खोटे ज्ञान मिळाले, दुसरीला मौन.

३/ हे ओळखणारा गृहस्थ गणिताचा प्राध्यापक होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, नोकरी गमावली आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. स्त्रियांसाठी वेगळे आणि पुरुषांसाठी वेगळे शास्त्र त्यांनी मानले नाही. कामसुखाचा अधिकार स्त्रीलाही आहे, हे त्यांनी त्या काळात छापले. (त्यांची भाषा कोरडी आणि पुष्कळदा उर्मट होती. तरीही वाचक प्रश्न पाठवत राहिले.)

४/ अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले.

५/ पुढे २००७ साली महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. आजही कित्येक शाळांत पाळीवरील व्याख्यानाला मुलींना सभागृहात बसवतात आणि मुलग्यांना मैदानावर सोडतात. मुलींना मोकळेपणी विचारता यावे म्हणून त्यांचा स्वतंत्र तास हवा, हे मला मान्य आहे. पण मग मुलग्यांचा तास कोठे आहे? तो भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती घेतात, आणि आता मोबाईल घेतो.

६/ याचा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सापडतो. एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती असलेल्या स्त्रिया २१.६ टक्के, पुरुष ३०.७. म्हणजे माहितीत पुरुष थोडे पुढे. पण जबाबदारीचे काय? गर्भनिरोध ही बायकांची बाब, पुरुषाने तिची चिंता करू नये, असे सुमारे ३५ टक्के पुरुषांना वाटते. विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३. ती शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही!

७/ म्हणून माझे मत असे: स्वतंत्र तास ठेवाच, पण पुस्तक दोघांना एकच द्या. मुलग्याला पाळी कळू द्या, मुलीला स्वप्नदोष. आणि त्या 'स्वप्नदोष' शब्दातला 'दोष' त्याच पुस्तकात, पहिल्याच पानावर काढून टाका.