"ताई, तिथे मी काय बोलायचं?"

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईला मी शहरातल्या एका समुपदेशकांकडे पाठवलं होतं. रात्र-रात्र झोप नाही, छातीत धडधड, मुलांवर विनाकारण हात उगारला जातो आणि मग रडू कोसळतं, अशी तिची अवस्था होती. निघताना तिनं विचारलं, "ताई, तिथे मी काय बोलायचं?" मी म्हटलं, "मनात येईल ते बोला."

तीन आठवड्यांनी ती परत आली. दुसऱ्याच बैठकीला समुपदेशकांनी तिला न विचारता नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. 'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात' म्हणून. तिनं एकटीनं सांगितलेलं सगळं त्याच्यासमोर उघडं पडलं. घरी गेल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही. समुपदेशकांची चूक होतीच. पण चिठ्ठी देऊन तिला पाठवणारी मी होते. तिथे काय विचारायचं हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच सुचलं नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी गाठीशी असून!

'समुपदेशन' हा शब्द आपल्या कामात फार वापरला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत विशेष कक्ष सुरू झाला, तिथे समुपदेशन होतं. त्याच वर्षीच्या कायद्यानं आलेल्या कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात. २००६ च्या नियमांत तर प्रतिवादीला तिथे हिंसेचं समर्थन करू देऊ नये, असं म्हटलेलं आहे. नियम चांगला आहे, पण तो माहीत असलेले समुपदेशक मला मोजकेच भेटले. गावपातळीवर तर समुपदेशन म्हणजे 'नांदायला जा' हे चार माणसांनी गोड शब्दांत सांगणं! तेव्हा बाईच्या कानावर हा शब्द पडला की तिला समझोताच दिसतो, यात नवल काय?

मनाच्या उपचारासाठीचं समुपदेशन ही वेगळी गोष्ट आहे. तिथे खटला नसतो, संसार वाचवणं हे उद्दिष्ट नसतं. ती बाई आणि तिचं मन, एवढाच विषय. हा फरक तिला आपणच आधी समजावून सांगायला हवा. आणि समोरच्या समुपदेशकाला तो मान्य आहे का, हे तिनं पहिल्या भेटीतच विचारायला हवं. "माझ्या परवानगीशिवाय घरच्यांशी बोलणार का?" एवढा एक प्रश्न पुरे. उत्तर सरळ आलं नाही तर उठून यावं. जिथे मारहाण चालू आहे तिथे नवरा-बायकोला एकत्र बसवणं धोक्याचं असतं. ती समोर खरं बोलली तर त्याची किंमत घरी मोजते, खोटं बोलली तर उपचार होत नाही.

दुसरी गोष्ट पाटीची. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषधं लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाहीत, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. नुसतं 'समुपदेशक' मात्र मानसशास्त्रात एम. ए. केलेलेही असतात आणि दोन दिवसांचं शिबिर केलेलेही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा झाला, त्यात समुपदेशक येतात आणि आपण समाजकार्यवालेही येतो. तरी पाटीवर भरवसा ठेवावा अशी परिस्थिती अजून आलेली नाही. शिक्षण काय, अनुभव किती, हिंसा सोसलेल्या बायकांबरोबर काम केलं आहे का, फी किती, चुकलेल्या भेटीचे पैसे लागतात का, हे सगळं विचारावं. आपण भाजी घेताना जेवढी चौकशी करतो तेवढी तरी!

गुप्ततेबद्दल थोडं सविस्तर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, स्वतःचे उपचाराचे कागद पाहण्याचाही दिला आहे. पण गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या बाईला आधीच ठाऊक असाव्यात. जिवाला धोका दिसला तर समुपदेशक इतरांना कळवू शकतात. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या मुलीबद्दल बोलायला गेलेल्या आईला हे आधी सांगितलं नाही, तर तिला विश्वासघात झाल्यासारखंच वाटेल.

बायकांच्या मनातली सगळ्यांत मोठी भीती मात्र कागदाची. 'वेडी ठरवून सोडून देतील, मुलं काढून घेतील.' ही भीती उगाच नाही. मनोविकार हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण आहेच. पण राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगितलं की नुसतं आजाराचं नाव लावून घटस्फोट मिळत नाही. तो आजार इतका तीव्र हवा की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नवऱ्याचा अर्ज तिथे फेटाळला गेला. आणि २०१७ चा कायदाही म्हणतो की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप वेडा ठरत नाही. झोप येत नाही म्हणून समुपदेशकाकडे गेलेल्या बाईला एवढं तरी ठामपणे सांगता येतं. तरीही कागद घरी ठेवू नयेत, मैत्रिणीकडे किंवा संस्थेत ठेवावेत, असं मी सांगते.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. बैठक साधारण पाऊण तासाची, बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या काही बैठकांनंतर जास्तच रडू येतं. म्हणजे बिघडलं असं नाही. चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. समुपदेशक पटला नाही तर बदलता येतो, त्यात अपराधी वाटायला नको. पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आपल्यापैकी काहीजणी विचारतील, मारणारा मोकळा आणि मार खाणारीवर उपचार, हे कसं? प्रश्न रास्त आहे. अन्यायाला आजार म्हणू नये, हे आपण शिबिरांमधून सांगत आलो आहोत. पण मोर्चा संपल्यावर ती बाई घरी जाते आणि रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडते, त्या वेळेचं आपण काय करतो? आणि खरं सांगू? तिच्यासारख्या पन्नासजणींच्या कहाण्या ऐकून मीही तशीच पडून असायची. 'कार्यकर्तीला कसलं समुपदेशन!' म्हणत मी दोन वर्षं टाळलं. शेवटी गेले तेव्हा पहिल्या दिवशी माझ्याही तोंडून शब्द फुटेना.

त्या बाईनं नंतर दीड वर्ष कोणाकडेच जायला नकार दिला. गेली ती मीटरच्या बिलामागे प्रश्न लिहून. दुसऱ्याच प्रश्नावर तिथल्या बाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत." ती तिथे वर्षभर जात होती.

तिचे आणि माझे मिळून अकरा प्रश्न आम्ही एका कागदावर उतरवले आहेत. तो कागद या अंकासोबत जोडला आहे. आपापल्या तालुक्यातल्या समुपदेशकांना ते विचारून पाहा आणि काय उत्तरं मिळाली ते पुढच्या अंकाआधी कळवा. ज्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, त्यांचंही कळवा.